उद्या सांगतो

बदनापूरच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे आम्ही दोघे होतो. एक मी, आणि दुसरा विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिलेला. आजही जालन्याच्या बाजारात एखादा जुना विद्यार्थी भेटतो, भर रस्त्यात वाकून पाया पडतो, "सर, वळखलं का?" म्हणतो. मी खूश होतो न होतो तोच त्याचं दुसरं वाक्य येतं, "उद्यासर कसे हायत?" पाय माझे आणि चौकशी त्याची.

उद्यासर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते पोरांनी ठेवलेलं. त्याला कुणीही काहीही विचारलं तरी तो त्या दिवशी उत्तर देत नसे. "उद्या सांगतो" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी नेमका सांगायचा. त्यात चुकारपणा असता तर मला किती बरं वाटलं असतं! पण तो विसरत नसे. कुणी वाटेल तो प्रश्न विचारावा, दुसऱ्या दिवशी हा त्या पोराला व्हरांड्यात गाठून उत्तर देणारच. अवघड प्रश्नांचंच असं होतं असंही नाही. शिपायाने "सर, चहा सांगू का?" विचारलं तरी हा खिडकीबाहेर बघायचा आणि "उद्या सांगतो" म्हणायचा. शिपाई शहाणा होता, दुसऱ्या दिवशी न विचारता चहा ठेवायचा. असा हा माणूस आयुष्यभर कालचा चहा प्यायला.

मी त्याच्या उलट. पोरगं "सर, हे" म्हणेपर्यंत माझं सूत्र फळ्यावर मांडून झालेलं असे. आणि ते बरोबर असे, हेही सांगून ठेवतो. पण पोरं माझं उत्तर लिहून घ्यायची आणि त्याच्या उत्तराची वाट बघायची. लिहून घेतलेलं परीक्षेपुरतं टिकतं, वाट बघितलेलं जन्मभर राहतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर जास्तच राग आला.

तोंडावर मी त्याला सर म्हणत असे, मनात मात्र कायम 'तो'. इथेही तोच ठेवतो. आता या वयात मनाला नवीन सवयी कुठे लावायच्या?

आम्ही दोघेही वडीगोद्रीचे. म्हणजे मी गावातला, तो रानातला. त्याचा बाप मेंढ्या घेऊन फिरायचा. सुगी सरली की माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, त्याच्या बापाला बोलावून आमच्या वावरात मेंढ्या बसवायचे. कळप रात्री आमच्या रानात मुक्कामाला, लेंड्यांचं खत आम्हाला, ज्वारी त्यांना. कळपाशेजारी त्यांचं पाल पडायचं, त्यात हा असायचा. दादा त्याला माझी जुनी पुस्तकं द्यायचे. त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या, कव्हर माझ्या आईने घातलेलं, आणि समजलं त्याला. यापेक्षा मोठा अन्याय मला तरी ठाऊक नाही.

पुढे शिकून तो नेमका माझ्याच कॉलेजात माझ्या शेजारच्या खुर्चीवर आला. आला तो बापाची काळी घोंगडी खांद्यावर टाकून. स्टाफरूमच्या लोखंडी खुर्चीवर तो तिची घडी घालायचा आणि वर बसायचा. मार्चच्या उन्हातसुद्धा. एकदा न राहवून मी म्हणालो, "सर, गरम होत न्हाई का हो तुम्हाला?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "होतं."

त्याच्या लग्नाची गोष्ट आमचा क्लार्क फार रंगवून सांगायचा. हा परतूरकडे मुलगी बघायला गेला. पोहे झाले, मुलगी आत गेली, तिच्या वडिलांनी विचारलं, "पसंत हाय का पोरगी?" हा म्हणाला, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी हा पेढ्यांचा पुडा घेऊन गेला, तर ओसरीवर दुसऱ्याच पाहुण्यांची सुपारी फुटत होती. क्लार्क म्हणायचा, "तसेच पेढे घेऊन परत आल्ते बघा सर, पुड्याची दोरीबी सोडली नव्हती." आम्ही पोट धरून हसायचो. तोही हसायचा. ते पेढे त्याने स्टाफरूममध्येच वाटले होते. मी दोन खाल्ले होते. पुढे त्याच्यासाठी स्थळ आणायला कुणी धजलं नाही.

आता मेंढरांचा तास सांगतो, कारण त्या दिवसापासून मी जो जळायला लागलो तो अजून विझलेलो नाही.

पुस्तकात कृष्णविवरावर दोनच ओळी होत्या. मोठा तारा जळून संपला की स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो, आणि शेवटी असा गच्च होतो की त्यातून उजेडही बाहेर पडत नाही. या दोन ओळींसाठी मी अ तुकडीपुढे पूर्ण फळा भरला होता. सहज खिडकीतून पाहिलं तर त्याची ब तुकडी रांगेने कॉलेजमागच्या पडीक रानात निघालेली. तिथे एक कळप उतरला होता. मी त्यांना परत बोलवायला म्हणून गेलो, आणि माझी अ तुकडी माझ्यामागे आली.

दुपारचं ऊन होतं. मेंढरं उन्हात करतात तसं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून घट्ट गोळा झाली होती. तो पोरांना विचारत होता.

"मधलं मेंढरू दिसून राह्यलंय का?"

"न्हाई सर."

"पर मधी हाय का न्हाई?"

"हाय सर."

"कशावरून?"

मग मागून एक मुलगी म्हणाली, "सर, भवतालच्या समद्यांची तोंडं तिकडं हायत."

"बराबर," तो म्हणाला. "कृष्णविवर असंच वळखायचं. त्याच्याकडं बघू नका, दिसत न्हाई ते. त्याच्याकडं कोण कोण वळलंय ते बघा."

मी बांधावर उभा राहून बघितलं. ब तुकडी त्याच्याकडे वळली होती. माझी अ तुकडीही वळली होती. मेंढरं राखणारा म्हातारासुद्धा काठीवर हनुवटी टेकून वळला होता. पोरं बुटांना लेंड्या लावून परत आली, तेव्हा प्राचार्य दारातच उभे होते. "सर, हा काय प्रकार आहे?" त्यांनी दरडावून विचारलं. याने काय सांगितलं असेल ते सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी तो खरंच प्राचार्यांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "काल ऊन चांगलं व्हतं, सर." प्राचार्य त्याच्यावर चिडायच्या ऐवजी हसले. माझ्यावर ते कधी हसले नाहीत, कारण मी त्यांना नेहमी नीट उत्तरं दिली.

तुकड्या गेल्या तर गेल्या. माझी बायकोही त्याचं कौतुक करायची, तेही मी गिळलं. "अहो, जरा शिका त्यांच्याकडून. माणूस विचारून राह्यला की आधी ऐकून तरी घेतात ते," असं ती मला भर जेवणात ऐकवायची. पण शुभांगीचं मला गिळता आलं नाही. शुभांगी माझी मुलगी, एकुलती एक.

ती सातवीत असताना, तिच्या शाळेला सुट्टी म्हणून, मी तिला एक दिवस कॉलेजात नेलं. संध्याकाळी आम्ही तिघे बदनापूरच्या फलाटावर जालन्याच्या पॅसेंजरची वाट बघत होतो. तो भुईमुगाच्या शेंगा सोलत उभा होता. शुभांगीने मला विचारलं, "बाबा, गुरुत्वाकर्षण सगळ्याला ओढतं ना? मंग सगळे तारे ओढून ओढून एका जागी गोळा का न्हाई झाले?"

बापाला असा प्रश्न विचारणारी मुलगी मिळावी, आणि बाप भौतिकशास्त्राचा मास्तर असावा! मी तिथल्या तिथे सांगितलं. विश्व पसरतंय. गुरुत्वाकर्षण त्याला मागे ओढतंय, त्यामुळे पसरण्याचा वेग कमी कमी होत चाललाय. सामान पुरेसं असेल तर एक दिवस पसरणं थांबेल आणि सगळं परत गोळा व्हायला लागेल. त्या काळी मोठमोठ्या पुस्तकांत हेच होतं. गाडीचा सिग्नल पडायच्या आत माझं सांगून झालं.

शुभांगीने मान डोलावली आणि त्याच्याकडे वळली. "सर, तुम्ही सांगा."

"उद्या सांगतो," तो म्हणाला आणि तिच्या हातावर चार शेंगा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, "काय सर, आमच्या शुभांगीचं उत्तर?" "सर, अजून उद्या न्हाई झाला," तो म्हणाला. असं पहिल्यांदाच घडत होतं. मला झालेला आनंद काय सांगू! घरी जाऊन चप्पल काढायच्या आधी मी शुभांगीला सांगितलं की तुझ्या उद्यासरांना उत्तर आलं नाही.

"म्हंजे माझा प्रश्न भारी हाय!" ती ओरडली आणि घरभर नाचली. माझं उत्तर मिळालं तेव्हा ती नाचली नव्हती.

त्यानंतर त्या प्रश्नाने आमच्या घरी पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकला. सणावाराला, निकालाच्या दिवशी, कधीही ती म्हणायची, "बाबा, सरांना विचारा ना, उद्या झाला का?" मी विचारायचो. तो मान हलवायचा. सातवीतली मुलगी दहावी झाली, बारावी झाली, जालन्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचली. मी तिचं पुढचं सगळं योजून ठेवलं होतं. बी.एड. करायचं, जालन्यातल्याच शाळेत लागायचं, आणि रोज संध्याकाळी आपल्या घरी चहाला यायचं.

आणि एका रविवारी सकाळी हा दारात. खांद्यावर घोंगडी, हातात वर्तमानपत्राचं पान.

"शुभांगी हाय का? उत्तर आणलंय."

बायकोने पोहे ठेवले. त्याने प्लेटला हात लावला नाही. "पोरी, सर म्हणल्ते का विश्वाचा वेग कमी होऊन राह्यलाय. समदी दुनिया तेच धरून बसल्ती. आता लोकांनी लांबच्या ताऱ्यांचे स्फोट मोजले. उजेड पाह्यजे त्याच्यापेक्षा मंद निघाला. म्हंजे ते तारे हिशोबापेक्षा जास्त लांब गेल्ते. वेग कमी न्हाई होऊन राह्यला, वाढून राह्यलाय. कायतरी हाय, जे समद्याला लांब ढकलून राह्यलंय." त्या कायतरीला पुढे लोक डार्क एनर्जी म्हणायला लागले.

"तेव्हा तेच बरोबर होतं," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच.

"बिलकुल, सर. तुमचं तवा बराबरच व्हतं. मला फक्त पटत नव्हतं, आन का पटत न्हाई ते सांगता येत नव्हतं. म्हणून थांबलो." मग तो शुभांगीकडे वळला. "मेंढरं पळून न्हाई राह्यली, हे ध्यानात ठेव. मेंढरू जागीच हाय. दोन मेंढरांच्या मधी नवीन रान उगवून राह्यलंय."

शुभांगीचे डोळे असे झाले होते की मला तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "सर, मंग जो कळप आधीच गोळा झालाय, तो फुटंल का? मधी रान उगवून कृष्णविवरबी फुटंल? आन नवीन तारे, नवीन कृष्णविवरं, ती जमायचीच बंद होतील?"

तो हसला. "उद्या..."

"थांबा सर," ती म्हणाली. "हे उद्या मी सांगते."

बस. एवढंच झालं. संध्याकाळी तिने जाहीर केलं की ती पुण्याला एम.एस्सी.ला जाणार आणि पुढे याच्यावरच काम करणार. मी बी.एड.चं काढलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तिथं ह्याचं उत्तर मिळंल का?" जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं लगेच देणारा मी, पुण्याच्या खर्चाचा हिशोब मांडायला बसलो.

ती निघाली त्या दिवशी जालना स्टेशनवर तोही आला होता. मी तिला गादी, स्टोव्ह, बादली आणि महिन्याचा खर्च दिला होता. त्याने शेंगांची एक पुडी दिली. गाडी सुटल्यावर तिने खिडकीतून हात हलवला, तेव्हा त्या हातात ती पुडी होती. डबे दिसेनासे होईपर्यंत मी तेवढीच बघत राहिलो.

पुढची वर्षं फोनवर गेली. रविवारी तिचा फोन यायचा. आईशी बोलणं, माझी तब्येत, आणि मग, "सर कसे हायत?" मी म्हणायचो, "बरे आहेत, घोंगडीवर बसलेत." पुढे तो निवृत्त झाला आणि वडीगोद्रीला जाऊन रस्त्याच्या आतल्या बाजूला दोन खोल्या बांधून राहिला. पुतण्याच्या मेंढ्या होत्या, तेवढीच सोबत. मीही वर्षभरात निवृत्त झालो. त्याची आठवण यायचं मला काही कारण नव्हतं, पण पॅसेंजरची शिट्टी ऐकली की यायची.

शुभांगीचं काम पुरं झालं आणि ती डॉक्टर होऊन आली. घरात पाऊल टाकल्यावर तिने आईला मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, उद्या झाला. सरांकडं जायचं."

मला काय वाटलं ते सांगूनच टाकतो. मला वाटलं, इतकी वर्षं फी मी भरली, गादी मी दिली, आणि उत्तर निघालं त्याच्या दारी. तरी मी गेलो. एसटीने तिच्या शेजारी बसून गेलो.

तो बाभळीखाली घोंगडी टाकून बसला होता. अंगाने पार वाळला होता, कानही गेले होते. समोर उन्हात मेंढरं तशीच, एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून. शुभांगी त्याच्यापुढे बसली आणि सांगायला लागली. ती घनता म्हणाली, समीकरणं म्हणाली, बोटाने मातीत आकृती काढली. आधी खूप जणांनी काम केलं होतं, तिने त्यात आपली थोडी भर घातली होती, हेही तिने सांगितलं. तो कानामागे हात धरून ऐकत होता. शेवटी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तू बोलून राह्यली ते आता मला झेपत न्हाई. सर, तुम्ही सांगा."

मी चमकलो. मला कुणी 'सांगा' म्हटल्याला कित्येक वर्षं झाली होती. मी वाकून त्याच्या कानाशी मोठ्याने सांगायला लागलो, आणि नेहमीसारखं लगेच.

"सर, ही ढकलणारी ऊर्जा सगळीकडं सारखी हाय, पण लई विरळ. जिथं दाटी हाय तिथं तिचं काही चालत न्हाई. तारा ज्यातून बनतो तो वायूचा ढग पुरेसा दाट असंल तर तो आत कोसळतोच, थोडा उशीर होतो इतकंच. आन एकदा का कृष्णविवर झालं, की ती त्याला फोडू शकत न्हाई. आतलं मेंढरू आतच राह्यतं. फक्त लांबून नवीन मेंढरं यायची बंद होतात, मधलं रान वाढलेलं असतं ना."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की शुभांगी माझ्याकडे वळून बसली आहे. ती माझ्याकडे तशी बघत होती, जशी आजवर फक्त त्याच्याकडे बघायची. मला वाटलं हे सांगणं संपूच नये.

"म्हंजे जमलेलं मोडत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई मोडत."

"बराबर." तो माझ्याकडे सरकला. "मंग सर, आजून एक सांगा. जो ढग वेळेत जमलाच न्हाई, त्याचं पुढं काय होतं?"

हे तर फारच सोपं होतं. तो ढग विरळ होत जातो. त्याचा एक कण दुसऱ्यापासून लांब जातो, आणखी लांब जातो, आणि शेवटी एकाचा उजेड दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. एवढंच उत्तर, माझ्या ओठांवर आलेलं. मी तोंड उघडलं. तो घोंगडीच्या दशा बोटांनी सारख्या करत कळपाकडे बघत होता. मला एकदम ते पेढे आठवले.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

शुभांगीने खाली मातीकडे बघितलं. त्याने हळूच मान वळवली, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडभर हसू पसरलं. उत्तर त्याला माहीत नव्हतं असं मला बिलकुल वाटत नाही.

"बराबर," तो म्हणाला. "उद्या या मंग. भाकरी टाकून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गेलो. शुभांगी म्हणाली, मीही येते. मी तिला नेलं नाही. ती आली असती तर तो पुन्हा तिच्याशीच बोलत बसला असता, आणि भाकरीला त्याने मला बोलावलं होतं.